पहिल्यांदा स्कीइंगला निघताना: गुलमर्गची बॅग कशी भरायची आणि कपडे कुठल्या क्रमाने चढवायचे

गुलमर्गला स्की शिकायला निघालेल्या मंडळींच्या बॅगा उघडल्या की दोन गोष्टी हमखास दिसतात: गरजेपेक्षा जास्त स्वेटर आणि चुकीचे मोजे. यादी करताना आपल्या डोळ्यापुढे असते ती उभ्या माणसाला लागणारी थंडी. स्की शिकणारा माणूस उभा कुठे असतो? पहिले दोन दिवस तो स्की अडकवून आडव्या पावलांनी उतार चढतो, घामाघूम होतो, बर्फात बसतो, उठतो, परत बसतो. आतून घाम, बाहेरून वितळलेला बर्फ. माणूस काकडतो तो या ओलीमुळे. म्हणून बॅग भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही भिजली तर काय होईल, आणि रात्रीत वाळेल का?

खालचा क्रम गुलमर्गला पाच-सात दिवस शिकायला जाणाऱ्या नवशिक्यासाठी आहे. औली किंवा सोलंगला जाणार असाल तरी कपड्यांचा भाग तसाच लागू पडतो.

## १. खरेदीआधी चार गोष्टी विचारून घ्या

यादी इथून सुरू होते, दुकानातून नाही.

पहिली गोष्ट, साहित्य. स्की, स्की बूट आणि पोल (हातात धरायच्या काठ्या) हे तिन्ही तिकडेच मिळतात. संस्थेच्या कोर्सला जाणार असाल तर ते फीमध्ये धरलंय का, त्यात हेल्मेट आहे का आणि जॅकेट-पँट आहे का, हे तीन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. ‘इक्विपमेंट इन्क्लुडेड’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ स्की, बूट, पोल एवढाच असतो आणि हेल्मेटची भानगड तिथे पोचल्यावर कळते.

दुसरी, कागदपत्रं. सरकारी संस्थांच्या कोर्सला वैद्यकीय दाखला लागू शकतो. तो आदल्या दिवशी मिळत नाही.

तिसरी, महिना. जानेवारीत चिल्लई कलान चालू असतो, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस. बर्फ कोरडा, रात्री पारा शून्याच्या बराच खाली. मार्चमध्ये दुपारचं ऊन लागून बर्फ ओला, चिखलासारखा होतो. जानेवारीला उबेची बाजू भक्कम हवी. मार्चला फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाचा थर) पातळ चालेल, पण पँट पक्की वॉटरप्रूफच पाहिजे. आणि बर्फ पडलाय ना, हेही बघा. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गची मैदानं कोरडी होती. महिनाअखेरीस बर्फ पडेपर्यंत गेलेले लोक नुसते फिरून आले.

चौथी, विमा. साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. पॉलिसीत साहसी खेळांचं कलम शोधा, एजंटच्या ‘हो हो, सगळं कव्हर आहे’वर जाऊ नका.

तपासा: पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, सगळ्यात पुढच्या बोटापाशी खूण करा, अंतर मोजा. दोन्ही पाय मोजा आणि मोठा आकडा धरा. स्की बुटांचे नंबर याच सेंटिमीटरमध्ये असतात. तुमचा आठ किंवा नऊ नंबर तिथे उपयोगाचा नाही. वजन आणि उंचीही लिहा, पुढे लागणार आहे.

## २. विकत काय, उसनं काय, भाड्याने काय

विकत घ्या: जे अंगाला चिकटून बसतं आणि जे मापाचंच लागतं. थर्मल, स्कीचे मोजे, हातमोजे, गॉगल (उन्हाचा चष्मा नव्हे, पट्ट्याने डोळ्यांवर घट्ट बसणारा स्कीचा गॉगल). या चार गोष्टींवर पैसे वाचवायला जाऊ नका.

उसनं आणा: स्की जॅकेट आणि स्की पँट. ओळखीत कोणी ना कोणी जाऊन आलेलं असतं आणि त्यांचे कपडे माळ्यावर पडून असतात. थोडं ढगळ असलं तरी चालतं. फ्लीस तर ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाकडे असतोच.

भाड्याने घ्या: स्की, बूट, पोल. पहिल्या खेपेला स्वतःचे बूट विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

हेल्मेट मधलं आहे. भाड्याने मिळतं, पण मापाचं मिळेलच असं नाही. डोकं फार मोठं किंवा फार लहान असेल, किंवा मूल बरोबर असेल, तर विकत घेऊन जा. घरातलं सायकलचं हेल्मेट नेऊ नका. स्कीचं हेल्मेट वेगळ्या मानकाचं असतं, त्यावर ‘ईएन १०७७’ लिहिलेलं बघा.

सावध: गुलमर्गच्या खाली, वाटेवरच्या टंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे भोवती जमतात. तो माल बर्फात फोटो काढायला आलेल्यांसाठी आहे. कोट पायघोळ, भिजला की वजनदार, आणि गमबुटात स्की अडकतच नाही. ‘स्कीइंग करायचं आहे, सामान वर घेणार आहोत’ एवढं सांगून पुढे निघा.

मुंबई-पुण्यात डेकॅथलॉनसारख्या दुकानांत स्कीचे कपडे मिळतात, पण मधली मापं लवकर संपतात. जानेवारीत जायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास खरेदी उरका.

## ३. अंगावरचे तीन थर

पहिला थर, अंगालगतचा. याचं काम ऊब देणं हे दुय्यम. घाम कातडीपासून दूर नेणं हे मुख्य. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. सुती अजिबात नाही. इथे मराठी माणूस हटकून एक गोष्ट करतो: चांगलं थर्मल घेतो आणि त्याच्या आत रोजचा होजिअरीचा बनियन घालतो. बनियन घाम पितो, भिजून अंगाला चिकटून बसतो आणि वरच्या महागड्या थर्मलचा काही उपयोग राहत नाही. बनियन हॉटेलात ठेवा. अंतर्वस्त्रंही सिंथेटिक घ्या, बायकांनी स्पोर्ट्‌स ब्रा. सह्याद्रीतल्या ट्रेकला वापरता ते पॉलिस्टरचे टी-शर्ट वरच्या अंगाला पहिला थर म्हणून चालतात. खाली मात्र थर्मल पँट लागतेच. दोन जोड पुरेत. एक अंगावर, एक सुकत.

दुसरा थर, उबेचा. फ्लीस. एक मध्यम जाडीचा आणि जमलं तर एक पातळ. आजीने विणलेला स्वेटर संध्याकाळी घाला, उतारावर नको: लोकरीच्या विणीत बर्फाचे गोळे अडकतात आणि तो वाळायला दोन दिवस घेतो. फुगीर डाऊन जॅकेटही उतारावर नको. स्थिर बसलात तर त्याच्यासारखी ऊब नाही, पण पिसं ओली झाली की ऊब संपली. ते संध्याकाळसाठी.

तिसरा थर, पाणी आणि वारा अडवणारा. स्की जॅकेट आणि स्की पँट. लेबलवर पाणी अडवण्याचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. १०,००० मिलिमीटरच्या आसपासचं बघा. नवशिक्याला जॅकेटपेक्षा पँट जास्त चांगली लागते, कारण बुडावर बसण्याचे प्रसंग जास्त. पँटच्या तळाशी आतून एक इलॅस्टिकचा पट्टा असतो, तो बुटावर चढवायचा असतो. जॅकेटलाही कमरेशी आतून तसाच पट्टा असेल तर घसरून पडल्यावर पाठीत बर्फ शिरत नाही. काखेत चेन असेल तर फारच उत्तम, चढताना उघडता येते.

पावसाळ्यातला विंडचीटर किंवा प्लास्टिकचा रेनकोट जॅकेट म्हणून चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. पाणी बाहेर राहील, पण घामही आत राहील. अर्ध्या तासात आतला फ्लीस ओला. नको.

आणि जीन्स. जीन्सबद्दल चर्चाच नको.

खांद्यावरून पट्टे असलेल्या पँटबद्दल एक सूचना: पडल्यावर बर्फ आत जात नाही म्हणून ती चांगली, पण स्वच्छतागृहात जॅकेट, फ्लीस सगळं उतरवल्याशिवाय ती खाली येत नाही. अरुंद, ओल्या, गोठलेल्या जागेत हा सोहळा कसा पार पडेल याचा विचार करून बायकांनी पँट निवडावी. पट्टे सुटे होणारी पँट सगळ्यात सोयीची.

तपासा: सगळे थर घातल्यावर सकाळी बाहेर पडताच पाच मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. हॉटेलच्या दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

## ४. पाय: इथे वेळ द्या

पहिल्या सहलीत सगळ्यात जास्त रडारड पायांवरून होते आणि त्यातली बरीचशी घरी बसूनच टाळता येते.

स्कीचा बूट म्हणजे बाहेर कडक प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ अस्तर. पाय आणि बूट यांच्यामध्ये फक्त एकच वस्तू असायला हवी: एक मोजा. दोन मोजे घातले की ते एकमेकांवर घसरतात, घडी पडते, त्या घडीवर दिवसभर बूट दाबतो आणि फोड येतो. शिवाय जाड मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त पुढे जात नाही आणि पाय आणखी गार पडतात. बोटं गार पडली म्हणून लोक दुसरा मोजा चढवतात आणि त्याने ती आणखी बधिर होतात.

मोजा कसा हवा: गुडघ्याखालपर्यंत उंच, पातळ ते मध्यम, लोकर आणि सिंथेटिकच्या मिश्रणाचा, नडगीवर थोडी गादी असलेला. घोट्यापर्यंतचा मोजा चालत नाही, कारण बुटाची कड नडगीवर येते आणि तिथली कातडी सोलते. तीन जोड घ्या.

थर्मल पँटचं टोकही बुटात जाता कामा नये. त्याची शिवण बरोबर नडगीवर येते आणि दुपारपर्यंत तिथे लाल पट्टा उमटतो. थर्मल पोटरीच्या वर ओढून घ्या, किंवा पाऊण लांबीचंच थर्मल घ्या.

आता दोन गोष्टी ज्या कुठल्याही परदेशी यादीत सापडणार नाहीत. जोडवी आणि पैंजण. स्कीच्या बुटात बोटं बाजूने दाबली जातात; जोडवं शेजारच्या बोटात रुततं. पैंजण तर घोट्यावर, जिथे बूट सगळ्यात घट्ट असतो, तिथेच येतं. दोन्ही घरी काढून ठेवा. जोडवी निघत नसतील तर निघण्याआधी सोनाराकडून सैल करून घ्या. गुलमर्गात जाऊन ती निघणार नाहीत, थंडीत आणि उंचीवर बोटं सुजलेली असली तर नाहीच. बांगड्यांचं आणि अंगठ्यांचंही तसंच, त्या हातमोज्यात अडकतात.

पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा. त्याच दिवशी खोलवर कापली तर दुखतात, वाढलेली ठेवली तर बुटाच्या पुढच्या भिंतीवर आपटून काळी पडतात.

बुटांव्यतिरिक्त चालायला एक जोड लागतो: पाणी न शिरणारे, खोल खाचांचे, घोटा झाकणारे. सह्याद्रीत वापरलेले ट्रेकिंगचे बूट खाचा झिजलेल्या नसतील तर चालतील. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्‌स शूज घालून गुलमर्गच्या बाजारातून चालणं हे उतारावरच्या स्कीइंगपेक्षा जोखमीचं काम आहे, आणि त्यात पडलात तर शिकवायलाही कोणी नसतं.

## ५. हात, डोकं, डोळे

हातमोजे वॉटरप्रूफ, मनगटाच्या वर येणारे. दोन जोड, कारण नवशिका पडल्यावर हात टेकूनच उठतो आणि संध्याकाळी मोजा पिळून निघतो. लोकरीचे हातमोजे उतारावर निरुपयोगी. फार गार हात पडणाऱ्यांनी चारही बोटं एकत्र असलेले मोजे घ्यावेत, ते जास्त उबदार. आत घालायला एक पातळ लायनर, म्हणजे आतला हातमोजा, ठेवा. बूट बांधताना, फोन काढताना हात उघडा पडत नाही. मोज्याला मनगटात अडकवायची दोरी असेल तर उत्तम. उतारावर वर नेणाऱ्या स्की लिफ्टवरून खाली पडलेला मोजा परत मिळत नाही.

डोकं. हेल्मेटच्या आत कानटोपी किंवा माकडटोपी घालू नका, हेल्मेट वर उचललं जातं आणि कपाळ उघडं राहतं. पातळ बालाक्लावा (माकडटोपीसारखीच, पण पातळ कापडाची, घट्ट बसणारी टोपी) घाला. भाड्याचं हेल्मेट किती डोक्यांवरून आलंय हे आपल्याला माहीत नसतं, त्यासाठीही तो बरा. लांब केसांची एकच वेणी, मानेशी खाली घाला. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही.

गळा. मफलर, ओढणी, स्टोल काहीही नको. सुटं टोक लिफ्टमध्ये अडकू शकतं. गळ्यातून घालायचा नळीसारखा बफ घ्या, दोन. मंगळसूत्र घालायचंच असेल तर आखूड आणि पहिल्या थराच्या आत.

डोळे. गॉगल लागतोच, नुसता सनग्लास पुरत नाही: पडताना तो उडतो आणि बर्फ पडत असेल तर बाजूने आत येतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. उघड्या डोळ्यांनी दिवस काढला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. गॉगलच्या काचेवर एस ० ते एस ४ असं लिहिलेलं असतं. एकच घ्यायचा तर एस २ घ्या. कडक उन्हाला एस ३ बरा, ढगाळ हवेत एस १. काच फार गडद घेतली तर ढगाळ दिवशी उताराचे उंचसखल भाग दिसत नाहीत.

चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल मागा आणि दुकानात स्वतःचा चष्मा घालूनच लावून बघा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या सोयीच्या आहेत म्हणून नेल्या तरी चष्मा बरोबर ठेवावा.

सनस्क्रीन एसपीएफ ५०, आणि लिप बाम. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा. तिथे कोणी लावत नाही आणि तिथेच सोलतं.

## ६. घरी रंगीत तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी, एसी लावून, सगळं अंगावर चढवा. हसू येईल, पण करा.

दोन्ही हात वर करा: जॅकेट कमरेच्या वर गेलं तर पाठ उघडी पडणार. उकिडवे बसा: पँट गुडघ्यात किंवा मांडीत ताणली तर मोठी घ्या. हेल्मेट आणि गॉगल एकत्र लावून आरशात बघा: गॉगलची वरची कड आणि हेल्मेट यांत कपाळाची पट्टी दिसत असेल तर दोन्हींतलं एक बदलायला हवं. हेल्मेटचा पट्टा न लावता मान हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. हातमोजे घालून जॅकेटची चेन लावून दाखवा. लागत नसेल तर चेनला दोरीचा तुकडा बांधा.

सावध: नवं थर्मल न धुता नेऊ नका आणि धुताना सॉफ्टनर वापरू नका, घाम वाहून नेण्याचा गुण कमी होतो.

## ७. बॅग भरणं

देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोच चेक-इन सामान नेता येतं, त्यामुळे जड वस्तू अंगावर: चालायचे बूट पायात, जाड जॅकेट हातात.

केबिन बॅगेत एक पूर्ण संच ठेवा: थर्मलचा जोड, स्कीचे मोजे, हातमोजे, बफ, गॉगल. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तर जॅकेट भाड्याने मिळेल, मापाचे मोजे मिळणार नाहीत. गॉगल हेल्मेटच्या पोकळीत ठेवला की काचही सांभाळली जाते आणि जागाही वाचते. पॉवर बँक केबिन बॅगेतच लागते.

लहानसहान पण महत्त्वाचं:

- पोस्टपेड सिम. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.
- छोटा थर्मास. पाठीवरच्या पिशवीतल्या नळीचं पाणी गोठतं.
- राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की. चॉकलेट थंडीत दगड होतं.
- फोडांवर लावायच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, ओआरएस. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी डोकं जड होणं शक्य आहे, भरपूर पाणी प्या आणि त्या संध्याकाळी दारू टाळा. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.
- गरम पाण्याची रबरी पिशवी, जुनी वर्तमानपत्रं, ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या.

काय घरी ठेवायचं? दुसरं स्की जॅकेट, चौथा स्वेटर, हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचा ट्रान्सीव्हर (संदेश देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी). शेवटच्या तीन वस्तू गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर जाणाऱ्या अनुभवी लोकांच्या आहेत. गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेतो आणि तिथून स्कीने उतरणं नवशिक्याचं काम नाही, मग बॅगेत काहीही असो.

## ८. भाड्याच्या दुकानात

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी जा. सकाळी नऊला गर्दी असते आणि दुकानदार हाताला येईल तो बूट पुढे सरकवतो.

इथे आपले लोक एक वाक्य ठरवून आल्यासारखं बोलतात: ‘भाईजान, एक नंबर बडा दे दो.’ बूट चपलेसारखा ऐसपैस हवा असतो. स्कीचा बूट सैल असेल तर आत पाय फिरतो आणि स्की फिरत नाही. मग माणूस तो आवळायला बकल घट्ट करत जातो आणि पाय बधिर होतो.

बूट असा तपासा:

1. स्कीचा मोजा घालून जा. पँट वर, थर्मल वर.
2. सगळी बकलं पूर्ण उघडा, पुढची जीभ बाहेर ओढा, पाय सरकवा.
3. टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा.
4. घोट्यापाशीचं बकल आधी लावा, गुडघे पुढे वाकवा, मग वरचं लावा. बोटांवरची बकलं नुसती अडकवा, आवळू नका. शेवटी वरचा पट्टा.
5. सरळ उभे राहा: बोटं पुढच्या भिंतीला हलकीच लागली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे रेटा: बोटं मागे आली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये.
6. दहा मिनिटं घालून दुकानातच बसा. सगळीकडून सारखा दाब ठीक. एका टोचणाऱ्या जागेची दुपारपर्यंत जखम होते, तो बूट बदला.

स्कीची उंची नवशिक्याला हनुवटीपर्यंत. पोल उलटा धरून गोल चकतीच्या खाली मूठ पकडा. कोपर काटकोनात आलं की माप बरोबर.

सावध: वजन खरं सांगा. पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटायची हे बाइंडिंगवरच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवरच्या, आकड्यावर ठरतं आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचा अनुभव यांवरून लावतात. आधीच्या गिऱ्हाईकाच्या आकड्यावर तुम्ही उतरू नका. दुकानदाराने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाच नाही, तर तुम्ही विचारा. वजन चारचौघांत सांगायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या, पण खरं लिहा. सैल लावलं तर स्की उगीच सुटते. घट्ट लावलं तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा जातो.

तपासा: दोन्ही स्कींचे ब्रेक खाली येतात का, काठ तुटलेले नाहीत ना. आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढा.

## ९. सकाळी कपडे चढवण्याचा क्रम

क्रम चुकला की एकदा घातलेलं पुन्हा काढावं लागतं, आणि तोवर बॅच निघून गेलेली असते.

1. स्वच्छतागृह आधी.
2. चेहऱ्याला सनस्क्रीन. गॉगल चढल्यावर ते जमत नाही.
3. थर्मल, वर-खाली. वरचं थर्मल पँटमध्ये खोचा.
4. स्की पँट, फ्लीस, बफ, जॅकेट. खोलीत जास्त वेळ थांबू नका, घाम तिथूनच सुरू होतो.
5. स्कीचे मोजे खिशात ठेवा आणि चालायचे बूट साध्या मोज्यांवर घालून निघा. चालताना पाय घामेजतात. स्कीचा कोरडा मोजा बूट चढवताना, जागेवर घाला. एवढ्या एका गोष्टीने पाय दुपारपर्यंत गरम राहतात.
6. मोज्याच्या सुरकुत्या हाताने साफ करा. स्की बूट. पँटच्या आतला पट्टा बुटाच्या बाहेरून खाली ओढा.
7. बालाक्लावा, हेल्मेट, गॉगल.
8. हातमोजे सगळ्यात शेवटी.

स्कीवर उभं राहण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ पोलने खरवडा. बर्फाचा थर राहिला की बाइंडिंग बसत नाही, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्याच पायात जोर नाही.

दिवसभरात दोन सवयी ठेवा. गॉगल कपाळावर चढवू नका, तिथल्या घामाने तो धुकटतो. बफ नाकावर असेल तर श्वास वर जाऊन तेच होतं. आतून काच पुसू नका, धुकं न धरण्याचा लेप निघतो, हलकेच झटका. दुसरी सवय, थांबलात की घोट्याच्या पुढची बकलं सैल करा, चहा झाला की पुन्हा लावा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते.

## १०. संध्याकाळी सुकवणं

खोलीत आल्यावर चहा मागवा आणि तो येईपर्यंत हे उरका.

मोजे, थर्मल, हातमोजे वेगवेगळे टांगा. हातमोजे बोटं वर करून. ओल्या बुटांचं अस्तर बाहेर निघत असेल तर काढा, नाहीतर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन तासांनी बदला. बूट ठेवताना बकलं हलकी लावून ठेवा, कवचाचा आकार टिकतो.

सावध: बूट किंवा हातमोजे बुखारीला (खोली तापवायच्या शेगडीला) टेकवून ठेवू नका. प्लास्टिक वाकतं, गोंद सुटतो, आणि भाड्याचे बूट असतील तर भरपाई तुमच्याच खिशातून. चार-पाच फूट लांब पुरे. वीज जाते, हे धरून चला. संध्याकाळी आलेली वीज आधी फोनला, मग हिटरला. रात्री गरम पाण्याची पिशवी पांघरुणात घेण्याआधी तासभर बुटांच्या अस्तरावर ठेवली तर दोन्ही कामं होतात.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी हातमोज्यांचा तिसरा जोड ठेवा. मुलं ते चोखतात, बर्फाचे गोळे करतात आणि अकरा वाजताच रडायला लागतात.

परतीच्या आदल्या दिवशी जॅकेट-पँट वापरात नसेल तेवढा वेळ वाऱ्यावर टांगा. ओल्या कपड्यांचं वजन वाढतं आणि जाताना १४ किलो भरलेली बॅग येताना १७ भरते, त्यात कुणीतरी फिरन (काश्मिरी लांब झगा) घेतलेलाच असतो. श्रीनगर विमानतळावर आत शिरण्याआधीच गाडीतून सगळं सामान उतरवून तपासतात, तेव्हा हाताशी जास्तीचा वेळ ठेवा. घरी आल्यावर जॅकेट सौम्य साबणाने, सॉफ्टनर न घालता धुवा, पूर्ण वाळवा आणि घडी न घालता हँगरला लावा. गॉगल त्याच्या मऊ पिशवीतच ठेवा. उसनी पँट धुऊन, खिसे तपासून परत करा. खिशात लिफ्टची तिकिटं आणि अर्धी चिक्की निघतेच.